पुढे पायी

सरकारी चाकरीत असताना दर महिन्याच्या अखेरीस प्रवासभत्त्याचे देयक भरून द्यावे लागे, आणि त्या छापील तक्त्यातील ‘प्रवासाचे साधन’ या अरुंद रकान्यात जो मजकूर मी ३५ वर्षे लिहीत आलो तो इतका ठरून गेला होता की, तारीख आणि मौजाचे नाव तेवढे मी घालावे आणि बाकीचे हाताने आपोआप लिहून टाकावे: ‘अमक्या गावापर्यंत एस.टी., पुढे पायी.’ भंडारा जिल्ह्यात मी भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापक होतो. १९७८ साली रुजू झालो, २०१३ साली निवृत्त झालो. या अवधीत जीप नावाचे वाहन माझ्या वाट्याला आले ते निवडणुकीच्या कामात, आणि तेही मागच्या बाजूस, मतपेट्यांच्या सोबतीने. एरवी साखळी, फळी, तिवई, झेंडे आणि नकाशांची पत्र्याची नळी एवढा सरंजाम गाडीच्या टपावर चढवून किंवा शेवटच्या बाकाखाली सरकवून, एस.टी. जिथवर जाईल तिथवर जायचे आणि तिने पाठ फिरवली की आपण डोंगराकडे तोंड करायचे, असा शिरस्ता होता.

आता सत्तरी गाठली आहे, हुकूम देणारे कोणी उरलेले नाही, देयक भरायचे नाही. तरीही हिवाळ्यात महिन्यातून दोनदा तरी मी भल्या पहाटे बसस्थानकावर जाऊन उभा राहतो आणि तोच प्रवास करतो. फरक एवढाच की, पासष्टीनंतर तिकीट अर्धे लागते. पंचाहत्तरीनंतर तेही माफ आहे, म्हणजे २०३० सालापासून शासन मला विनामूल्य डोंगरावर धाडील. गुडघ्यांनी तोवर रजा मागू नये एवढीच चिंता.

देयकांचा विषय निघालाच आहे तर एक हकीकत सांगतो. एकदा लेखापरीक्षणात माझ्या ‘पुढे पायी’वर हरकत निघाली. एस.टी.चा थांबा आणि मोजणीचे गाव यांच्यामधले अंतर नकाशावर फुटपट्टीने साडेसहा किलोमीटर भरत होते आणि मी नऊ लिहिले होते. हरकत काढणारा कारकून सज्जन होता, पण फुटपट्टीवरील त्याची निष्ठा अढळ होती. तेव्हा मी रीतसर कैफियत लिहून दिली आणि तीत आमच्या धंद्यातले एक साधे तत्त्व नमूद केले. उतारावरील जमीन मोजताना साखळी जमिनीवर लोळवायची नसते. ती दोन्ही टोकांना ताणून समतल धरायची, अधांतरी राहिलेल्या टोकाला ओळंबा सोडायचा, तो जिथे टेकेल तिथे खुंटी ठोकायची आणि मग तिथून पुढची पायरी घ्यायची, अशा रीतीने जिना उतरावा तसा डोंगर मोजला जातो. म्हणून डोंगराचे जे क्षेत्र दप्तरात असते ते त्याच्या अंगाचे नसते. सूर्य ऐन डोक्यावर असता त्याची जी सावली पायाशी पडेल, तेवढीच दप्तरात येते. चालणाऱ्याला मात्र सावलीवरून चालता येत नाही, त्याला अंगावरूनच जावे लागते. कैफियत कोणी वाचली की नाही कोणास ठाऊक. कापलेली रक्कम काही परत आली नाही.

भंडाऱ्यात डोंगर आहेत, हे पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितले तर तो सौजन्याने ऐकून घेतो. सह्याद्रीच्या कड्यांवर पोसलेल्या दृष्टीला आमच्या टेकड्या म्हणजे जमिनीने घेतलेले दीर्घ श्वासच वाटावेत. भंडारा म्हटले की पितळेची भांडी, धान आणि तलाव एवढे त्याला ठाऊक असते. पण हे तलाव ज्यांच्या कुशीत आहेत त्या टेकड्यांकडे कोणी मान वर करून पाहत नाही. वस्तुतः तलाव आणि टेकडी ही एकाच व्यवस्थेची दोन अंगे. दोन सोंडांच्या मधल्या खोलगटीत मातीची पाळ घालून वरच्या जंगलातून उतरणारे पाणी अडवावे आणि खालच्या बांध्यांना पाजावे, ही विद्या इकडच्या कोहळी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासली. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले आणि दप्तरात त्यांची नोंद ‘माजी मालगुजारी तलाव’ अशी झाली. कारकुनांनी लेखणीचे श्रम वाचवण्यासाठी त्याचे ‘मा. मा. तलाव’ केले आणि लोकांनी ‘मामा तलाव’. नवख्याला वाटते, कोणाच्या तरी मामाने औदार्याने बांधले असावेत. पाळीवरून तलावाला वळसा घालून जी वाट वर चढते, ती बहुधा त्या पाण्याच्या उगमाकडेच जात असते, आणि आंबागड, चांदपूर, गायखुरी, कोका या टापूंतल्या टेकड्यांवर मी जितका हिंडलो तितका पाण्याच्या उलट दिशेनेच हिंडलो.

या टेकड्यांतली कोणतीही वाट टेकडी पाहण्यासाठी पडलेली नाही. मोहफुले वेचायला, तेंदूपाने तोडायला, येनाच्या झाडांवरचा कोसा उतरवून आंधळगावच्या विणकरांपर्यंत पोहोचवायला, बाजाराला, देवाला, लेकीच्या सासरी जायला माणसे चालली आणि वाट झाली. आजची बहुतेक वाट एस.टी.च्या थांब्याशी येऊन टेकते, कारण डोंगरापलीकडच्या माणसाला तहसील, दवाखाना, शाळा आणि बाजार या चारही गोष्टी त्या लाल गाडीतूनच मिळत आल्या. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली तेव्हा आमचा मुलूख मध्यप्रांतात होता आणि ती गाडी आमची नव्हती. पण एकदा ती आली ती अशी आली की, गावाचे घड्याळ झाली. पहाटेची मुक्कामी गाडी सुटली की चुली पेटत, दुपारची परत फिरली की गुरे पाण्यावर जात.

स्वतःच्या मोटारीने डोंगराला येणारा माणूस आपले वाहन पायथ्याशी उभे करतो आणि तिथेच त्याच्या स्वातंत्र्याचा खुंटा रोवला जातो. तो कितीही हिंडला तरी सायंकाळी त्याला त्याच खुंट्याशी परतावे लागते. एस.टी.ने आलेल्याला परतायचे बंधन नाही. तो एका मार्गावर उतरून डोंगर ओलांडून दुसऱ्याच मार्गावर निघू शकतो, एका तालुक्यात चढून दुसऱ्यात उतरू शकतो, आणि त्याला हिशेब ठेवायचा तो एवढाच की पलीकडची शेवटची गाडी किती वाजता आहे. आमच्या मोजणीच्या कामात हे ओलांडणे नित्याचे होते. कारण दोन गावे नकाशावर पाठीला पाठ लावून असत, हद्द डोंगराच्या माथ्यावरून जाई आणि गाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जायचे म्हटले तर तुमसरला येऊन, गाडी बदलून, अर्धा दिवस घालवून जावे लागे. एस.टी.चा टप्पा सहा किलोमीटरांचा. असे चार-पाच टप्पे वाचवण्यासाठी माणूस एक डोंगर सहज चढतो.

असाच एक डोंगर चढताना माझी जी फजिती झाली, तिच्यामुळे पुढील चाकरीतली माझी काम करण्याची रीतच पालटली, म्हणून ती सविस्तर सांगितली पाहिजे. साल १९८६, महिना मार्च. गावाचे नाव लिहीत नाही. माझ्या मूर्खपणाशी त्याचा काही संबंध नाही. आंबागडच्या रांगेतल्या एका गावी हद्द कायम करण्याची मोजणी आटोपली होती आणि दुसऱ्या दिवशी माथ्यापलीकडच्या गावी काम होते. माझा चेनमन माझ्याहून वीस वर्षांनी वडील होता. त्याला मी सामानासह गाडीने पुढे जाण्यास सांगितले आणि स्वतः डोंगर ओलांडून येतो म्हणालो. मजपाशी भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा होता, २ सेंटिमीटरला १ किलोमीटर या प्रमाणाचा, आणि त्यावर एक पायवाट तुटक रेषेने एका गावातून निघून माथ्यावरच्या खिंडीतून दुसऱ्या गावात निःसंदिग्धपणे उतरत होती.

पायथ्याशी मोहाखाली एक बाई टोपली घेऊन फुले वेचीत बसली होती. तिने मला विचारले, “कोठी चाल्ले जी साहेब?” मी सांगितले. ती म्हणाली, “त्या वाटेनं नोका जाऊ. तिकडं आता कोनी जात नाही.” मी तिला नकाशा दाखवला नाही एवढीच सभ्यता पाळली, मनात मात्र असा विचार आल्याचे कबूल करतो की, शासनाने छापलेल्या कागदापुढे एका निरक्षर बाईच्या जबाबाला काय किंमत द्यायची? चार वाजले होते. तासाभरात माथा, पुढच्या तासात पलीकडचे गाव, असा माझा अंदाज होता.

पहिला अर्धा तास वाट उत्तम होती. साग, धावडा, सालई यांची पाने झडून गेलेली, खाली वाळका पाचोळा, मधूनच पेटल्यासारखा पळस, आणि मोहाच्या फुलांचा तो दाट, किंचित आंबूस गंध. नंतर वाट रुंद झाली आणि मी मनातल्या मनात त्या बाईला हसलो. हसणे फार टिकले नाही. ती वाट रुंद झाली होती याचे कारण ती वाटच नव्हती. जंगल खात्याच्या जुन्या तोडीच्या कूपात लाकूड ओढून नेण्यासाठी केलेला तो रस्ता होता आणि कूपाच्या हद्दीपाशी, जिथे शेवटचे झाड तुटले असेल तिथे, तो थांबला होता. पुढे बांबूचे रांजी. खिंड कुठे तरी वर होती, नकाशावर होती, पण माझ्या आणि तिच्या मध्ये बांबूंची अशी दाटी होती की शिरलो तर टोपी एका बेटात आणि चष्मा दुसऱ्या बेटात राहू लागला. मी डावीकडून वळसा घेतला, मग उजवीकडून. आणि सूर्य गेला.

अंधारात जंगलात वाघाची भीती वाटते असे लोक समजतात. मार्च महिन्यात मोहाखाली भीती असते ती अस्वलाची, कारण जी फुले माणसे सकाळी वेचतात ती ते रात्री खाते आणि खाताना कोणी आलेले त्याला खपत नाही. मी एका उघड्या खडकावर बसून राहिलो. समोरच्या उतारावर ज्वाळांच्या बारीक वाकड्या रेघा हळूहळू सरकत होत्या; फुले स्वच्छ दिसावीत म्हणून मोहाखालचा पाचोळा पेटवून देतात, तो आवर न घातल्याने पसरत गेलेला. मजजवळ कंदील नव्हता, आगपेटीतल्या काड्या होत्या. आणि मग फार खालून, माझ्या समजुतीप्रमाणे जी दिशा उत्तर होती तिच्या अगदी विरुद्ध बाजूने, एस.टी.चा आवाज आला. चढणीवर चालकाने गिअर बदलला की त्या जुन्या गाड्यांतून जो एक कण्हण्यासारखा सूर निघे तो मला जन्मभर ओळखीचा. पाठोपाठ गावात शिरताना दिलेला दोनदा लांब भोंगा. रात्री आठची मुक्कामी गाडी आली होती. मी त्या आवाजावर काटकोन टाकावा तशी दिशा धरली, एका नाल्यात उतरलो, नाला जिथे नेईल तिकडे घरंगळत गेलो, आणि साडेनऊच्या सुमारास धानाच्या कोरड्या बांधीत पाय पडला. धुऱ्याधुऱ्याने गाव गाठले.

मारुतीच्या पारापाशी गाडी उभी होती. चालक, वाहक आणि माझा चेनमन असे तिघे तीन दगडांच्या चुलीभोवती बसले होते. भात झाला होता आणि लाखोळीच्या डाळीचे वरण उकळत होते. माझा अवतार पाहून वाहक उठला, तांब्याभर पाणी दिले आणि काही विचारले नाही. चेनमनने मात्र जेवण वाढता वाढता सहज सांगितले, “त्या मोहाखालच्या बाईनं मले सकारीच सांगतलं होतं जी, का खिंडीची वाट बुजली मनून. मनून तं मी येष्टीत बसलो.” मी विचारले, मग मला का सांगितले नाही? तो निरागसपणे म्हणाला, “तुमच्यापाशी नकाशा होता न जी.”

त्या रात्री पारावर घोंगडी टाकून पडलो असता वाहकाशी बोलणे झाले. तो त्या मार्गावर बरीच वर्षे होता. खिंडीच्या वाटेची गोष्ट त्याला ठाऊक होती. पलीकडच्या दोन टोल्या उठून रस्त्याकडे वसायला आल्या, मग वाटेच्या तोंडाशी असलेल्या विनंती थांब्यावर चढणारे-उतरणारे संपले, आणि आता तर तो तिथे घंटीच्या दोरीला हातही लावीत नाही. मला एकदम उमगले की, दर टप्प्याला कोण चढले आणि कोण उतरले हे ज्या माणसाला भर गर्दीतही मांडावे लागते, त्याच्या वेबिलात या साऱ्या डोंगरांचा चालू नकाशा लिहिलेला आहे. माझा नकाशा वाट कोठून कोठे जाते हे सांगे. ती जिवंत आहे की नाही, हे फक्त वाहक सांगू शके. कोयता आणि टोपली घेतलेली माणसे ज्या थांब्यावर उतरतात तिथली वाट जंगलात जाऊन संपते; पिशवी आणि लहान मूल घेतलेली बाई जिथे उतरते तिथली वाट डोंगर ओलांडते. पुढे चाकरीभर मी गाडीत पुढच्या दाराशी, वाहकाच्या शेजारी बसू लागलो आणि तिकीट घेताना गावाच्या नावापाठोपाठ तोच प्रश्न विचारू लागलो: तिथे कोणी उतरते का?

निवृत्तीनंतर जिथे मी वारंवार गेलो तो आंबागड. तुमसरहून जवळ आणि वाट सोपी, म्हणून नवख्यालाही मी आधी तिथेच नेतो. इ.स. १७०० च्या सुमारास देवगडच्या बख्त बुलंदच्या अमलात शिवनीचा सुभा सांभाळणाऱ्या राजाखान पठाणाने हा किल्ला बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि त्यांनी त्याचा बंदीखाना केला. आतल्या विहिरीचे साचलेले, विषारी झालेले पाणी कैद्यांना प्यायला लावून त्यांचा शेवट करीत, अशी आख्यायिका आहे. मला त्या विहिरीपेक्षा तटावरून दिसणारा देखावा अधिक काही सांगतो: पायथ्यापासून दूरवर धानाच्या बांध्या आणि त्यांच्यामध्ये आरशाच्या फुटक्या तुकड्यांसारखे विखुरलेले तलाव व बोड्या. वर जायला आता पायऱ्या आहेत. माझ्या वयाला त्या उपकारक आहेत, हे नाकारले तर कृतघ्नपणा होईल. पण पायऱ्या झाल्यापासून बाकीच्या बाजूंनी चढणाऱ्या गुराख्यांच्या वाटा हळूहळू झुडपांत विरल्या, आणि डोंगराला एकच तोंड उरले, हेही तितकेच खरे. त्याच रांगेत गायमुख. एरवी तिथे झऱ्याच्या आवाजाखेरीज काही नसते आणि महाशिवरात्रीला जत्रेच्या जादा गाड्यांतून इतके लोक उतरतात की महादेवानेही क्षणभर डोंगर सोडून जावे. जत्रेच्या आदल्या आठवड्यात जावे. वाटा साफ केलेल्या असतात आणि गर्दी नसते. चांदपूरला सिहोऱ्यावरून जाता येते. तलाव सुंदर, टेकडीवर मारुती, चालणे थोडे. त्याविषयी याहून जास्त लिहिण्याजोगे मजपाशी नाही.

कोक्याविषयी मात्र लिहिले पाहिजे. भंडाऱ्याहून जवळचे हे जंगल. इथल्या गावांच्या हद्दी मी तरुणपणी उन्हातान्हात चालून पाहिल्या. ज्या २०१३ साली मी निवृत्त झालो त्याच साली कोका अभयारण्य जाहीर झाले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा यांच्यासह ते व्याघ्रप्रकल्पात गेले. तेव्हापासून त्या वाटांवर पाऊल टाकायला मनाई आहे. दाराशी नाव नोंदवून, परवाना काढून, वाहनात बसूनच आत जाता येते. ज्या वाटांवरून मी पायी गेलो म्हणून एका कारकुनाने माझे पैसे कापले त्याच वाटांवर आज पायी जाणे गुन्हा आणि मोटारीने जाणे सनदशीर, या योगायोगाची मला गंमत वाटते. तक्रार मात्र नाही. वाघाला माणसाच्या पावलांपासून मोकळीक हवी, आणि माणसालाही वाघाच्या. जिल्ह्यात दरवर्षी मोहाच्या आणि तेंदूच्या हंगामात कोणा ना कोणा घरावर जो प्रसंग गुदरतो तो ऐकल्यावर त्या मनाईविरुद्ध बोलायला जीभ उचलत नाही. मारुती चितमपल्लींना हे अरण्य वनखात्याच्या चाकरीत भेटले आणि त्यांनी ते मराठीला दिले; आम्हालाही ते चाकरीतच भेटले, पण आम्ही त्याचे एकर आणि गुंठे तेवढे काढले. आजही मी अभयारण्याच्या बाहेरच्याच टेकड्या चढतो, गावातला माणूस सोबत घेतो, मोहाच्या दिवसांत सूर्य वर आल्याखेरीज झाडीत शिरत नाही आणि दुपारी चारच्या आत सडकेला लागतो. नाकेदार भेटला तर त्याला आधी नमस्कार, मग कोठून कोठे ते सांगणे. लपून जाण्यात पुरुषार्थ नाही.

एस.टी.च्या थांब्यापासून डोंगराच्या पायथ्यापर्यंत जो अर्ध्या-पाऊण तासाचा पट्टा असतो त्याची दप्तरातली जात निराळीच आहे. त्याला ‘झुडपी जंगल’ म्हणतात. मध्यप्रांतातल्या बंदोबस्तापासून पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत चालत आलेली ही नोंद. शेतीला निरुपयोगी, जंगल म्हणावे तर झाडे नाहीत, रान म्हणावे तर गुरे चरतात, अशी खुरट्या झुडपांची मुरमाड जमीन. तीवर गावाची जी चालत आलेली हक्काची वागणूक, म्हणजे गुरे कोठून न्यायची, सरपण कोठले घ्यायचे, कोणत्या वाटेने मढे न्यायचे, हे सारे निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात लिहून ठेवायची आमच्याकडे रीत होती. १९६६ च्या महसूल संहितेनेही कलम १६१ आणि १६५ मध्ये ती विदर्भासाठी जपून ठेवली. पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांना हे शब्द उर्दू मुशायऱ्यातले वाटत. २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या झुडपी जंगलाच्या जमिनी वनजमिनीच समजल्या जातील असा निर्णय दिला, तेव्हा मी जुन्या सहकाऱ्यांना दूरध्वनी करून करून दिवस काढला. ज्या सातबाऱ्यावरच्या एका शब्दाने आमच्या पिढ्यांना भंडावले, त्याचा अर्थ काय, एवढे तरी ठरले. वाजिब-उल-अर्ज मी कित्येक गावांचे वाचले आहेत. त्यांत वाटांचे जे वर्णन असते ते नकाशाहून माणसाळलेले: अमक्याच्या बांधीच्या धुऱ्याने, चिंचेपासून, बोडीच्या पाळीवरून. पण तिथेही एक उणीव राहते. वाट आहे म्हणून नोंद झाली. वाट मेल्याची नोंद करायला कोणत्याही दप्तरात रकाना नाही.

वाट मरताना मी एकदा प्रत्यक्ष पाहिली. २०२० च्या उन्हाळ्यात टाळेबंदी झाली, गाड्या उभ्या राहिल्या, शाळा मिटल्या, आणि मग नेहमीसारखा पावसाळा आला. इतर वर्षी पाऊस आणि पावले यांची तोडीस तोड चालते. त्या वर्षी पाऊस एकटाच होता. पुढच्या थंडीत मी माझ्या आवडत्या एका खिंडीच्या वाटेवर गेलो तर थांब्याच्या मागे दहा पावलांवर छातीइतका तरोटा आणि रानतुळस. वाळून खडखडणाऱ्या त्या झाडोऱ्यात तिथे कधी वाट होती हे सांगायला खूण म्हणून कोणाची एक तुटकी चप्पल तेवढी सापडली. आणखी वर, जिथून पूर्वी मी डोळे मिटून गेलो असतो तिथे, एक मोठे झाड आडवे पडले होते. मी परत फिरलो आणि घरी येऊन त्या जुन्या नकाशावर त्या रेषेवर पेन्सिलीने फुली मारली.

गेल्या डिसेंबरात त्याच मार्गावरून जात असता, सवयीने, तिकीट घेताना विचारले. वाहक एक तरुण मुलगी होती. “त्या थांब्यावर? हो जी काका, सात पोरी चढतात न सकारी. साळेच्या.” मी तिथेच उतरलो. तरोटा होता तसाच होता, पण त्याच्यामधून एक माणूस जाईल एवढी, पायांनी चोपून गुळगुळीत झालेली चिंचोळी वाट गेली होती. ती जुन्या वाटेने नव्हती. पडलेले झाड तिने दुरूनच टाळले होते, वनखात्याने खणलेल्या समतल चरांतला एक चर गाळाने भरला होता तिथून तो ओलांडला होता, आणि एका ठिकाणी, जिथे मी मोजणीत हमखास सरळ रेषा धरली असती तिथे, कारण नसताना एक बोरीच्या झाडाला वळसा घातला होता. झाडाखाली बोरांच्या बिया पडल्या होत्या, कारण कळले. खिंडीत बसून भाकर आणि जवसाची चटणी खाल्ली, पलीकडची टोली पाहिली, चार घोट पाणी घेतले आणि उतरलो.

सायंकाळी परतीची गाडी धरायला थांब्याकडे येत होतो तोच शाळेची निळी गाडी थांबली आणि सातही जणी दप्तरांसह उतरल्या. मला जुन्या वाटेच्या तोंडाशी उभा पाहून त्यांतली सर्वांत लहान ओरडली, “आबाजी, तिकडून नोका जाऊ! तिकडं झाड पडला हाये. आमी बोडीच्या पारीवरून जातो.” या वेळी मी नळीतून नकाशा काढला आणि तिच्यापुढे धरला. तिने त्यावर आपले गाव शोधले, मग बोडी शोधली, ती सापडेना म्हणून नाराज झाली, आणि शेवटी बोटाने एक वाकडीतिकडी रेघ दाखवून म्हणाली, “अशी हाये वाट.” एवढ्यात माझी गाडी आली. मी चढलो, वाहकाच्या शेजारी जागा मिळाली, गुडघ्यावर नकाशा पसरला आणि विसरण्यापूर्वी ती रेघ पेन्सिलीने काढू लागलो. आमच्या शास्त्रात पायवाट तुटक रेषेने दाखवायची असते. रस्त्याला खड्डे असल्याने ती आपोआपच तुटक आली.